डोरा केकच्या पोटातलं पुरण

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही वस्तीवर, जिथं पत्र्यावर टीव्हीची छत्री बसली आहे, तिथल्या शाळकरी पोराला विचारा की डोरेमॉन या कार्टूनमधल्या मांजराला काय आवडतं. उत्तर पाठ असतं: डोरा केक. ‘डोरेमॉन’ ही जपानी मालिका भारतात २००५ पासून हिंदीतून दिसते आहे. जपानमधल्या दोरायाकीचा हिंदीत डोरा केक झाला, आणि पुढं दुकानात जे डोरा केक आले त्यांत चॉकलेट भरलेलं निघालं. त्यामुळे आपल्या पोरांची पक्की समजूत आहे की त्या दोन गोल, तपकिरी, जाडसर पोळ्यांच्या मधे चॉकलेट असतं. मूळ जपानी पदार्थात तिथं असतं शिजवून, साखर घालून, आटवून घोटलेलं कडधान्य. जपानी लोक त्याला ‘अन’ किंवा ‘अन्को’ म्हणतात. आपण पाहिलं तर पुरणच म्हणू.

पाटोद्याकडच्या एका घरात ही माहिती मी मोठ्या हौसेनं सांगितली, तर चुलीपुढच्या आजींना काहीच नवल वाटलं नाही. “मांजराला पुरणातलं काय कळतंय? तुपाच्या वासाला येतंय ते,” एवढंच म्हणाल्या आणि पुढची पोळी लाटायला घेतली. जपानी अन्कोत तूप अजिबात नसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं जपानविषयीचं मत उगाच वाईट झालं असतं.

या लेखाचा विषय जपानी गोडपदार्थांची जत्रा आहे, आणि ती बीडला भरलेली नाही. जपानात मात्र गोडाची जत्रा हे खरोखरीचं, दांडगं प्रकरण आहे. अखिल जपान मिठाई महाप्रदर्शनाची सुरुवात १९११ साली तोक्योत झाली. तेव्हापासून काही वर्षांच्या अंतरानं ते वेगवेगळ्या शहरांत भरतं. २०१७ साली इसे या देवस्थानाच्या गावी भरलं होतं आणि २०२५ च्या मे-जूनमध्ये होक्काइदो बेटावरच्या आसाहिकावा शहरात भरलं. होक्काइदोची निवड मोठी समर्पक, कारण जपानात पिकणारी अझुकी जवळजवळ सगळी याच बेटावर पिकते, त्यातही तोकाची नावाच्या मैदानी भागात. म्हणजे हरभऱ्याच्या शिवारातच पुरणाची जत्रा. नारा शहरात तर एका मंदिरात दर १९ एप्रिलला ‘मांजू’ची, म्हणजे पुरण भरून वाफवलेल्या उंड्यांची, जत्रा असते आणि हलवाई आपापला माल देवापुढं आणून ठेवतात. तो देव म्हणजे एक माणूसच. चौदाव्या शतकाच्या मध्यावर चीनहून एका झेन भिक्षूबरोबर आलेला रिन जोइन. चीनमध्ये अशा उंड्यांत मांस भरत. भिक्षूंना ते चालेना, म्हणून यानं गोड कडधान्य भरलं, अशी कथा आहे. योकान नावाची जपानी वडी तशीच. तिचं मूळ मेंढीच्या मांसाच्या रश्श्यात आहे. शाकाहारी मठात शिरल्यावर त्या रश्श्याची अझुकीची वडी झाली. उपासाच्या नावाखाली साबुदाण्याचे एवढे प्रकार शोधणाऱ्या आपल्या समाजाला हे समजायला जड जाऊ नये.

अझुकी म्हणजे लालसर, मुगाहून थोडं मोठं, चकाकणारं कडधान्य. वनस्पतिशास्त्रात ती मूग, उडीद, मटकी आणि चवळी यांच्याच कुळीतली. आपला हरभरा त्या घरचा नाही. पण पुरण व्हायला कुळी लागत नाही, पेशी लागतात. कडधान्य पाण्यात नीट शिजलं की दाण्यातल्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. पेशीतला पिष्टाचा कण मात्र आतच राहतो, कारण त्याच्याभोवतीचं प्रथिन उष्णतेनं आधीच घट्ट झालेलं असतं. म्हणून चांगलं पुरण जिभेवर मऊ, किंचित रवाळ लागतं, खळीसारखं चिकट होत नाही. जपानी अन्कोची सगळी कला या एका गोष्टीवर उभी आहे, आणि आपल्या पुरणाचीही. फक्त आपल्याकडं ती कला कुणी लिहून ठेवलेली नाही. ती “डाळ बोटानं दाबून बघ” एवढ्यात सांगून होते.

जपानी पद्धत अशी: अझुकीला एक उकळी आणायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, कारण सालातला तुरटपणा त्यात उतरलेला असतो. मग पुन्हा पाणी घालून मंद आचेवर शिजवायची. दाणे अख्खे ठेवले तर ते ‘त्सुबुआन’. साल काढून मऊसूत करायचं असेल तर चाळणीतून गाळायचं, पाण्यात निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतायचं, तळाचा साका फडक्यात बांधून पिळायचा आणि मग साखर घालून तांब्याच्या कढईत आटवायचं. हे ‘कोशिआन’. उलथनं फिरवलं की कढईचा तळ दिसायला लागला म्हणजे झालं. आपल्याकडं पुरणात पळी उभी राहिली की झालं. गोडही दोन्हीकडं डाळ शिजल्यावरच पडतं. आधी गूळ घातला तर डाळ पुढं शिजत नाही, हे बीडच्या कुठल्याही नव्या सुनेला पहिल्याच सणाला कळतं.

फरक आहे तो टाकून दिलेल्या पाण्यात. आपण डाळ शिजल्यावर वरचा कट काढतो, पण तो टाकत नाही. त्याला काळा मसाला, भाजलेलं खोबरं, लसूण-जिरं, थोडी चिंच आणि भरपूर कोथिंबीर भेटली की त्याची येळवणी होते. मराठवाड्यात पुरणाच्या जेवणाची खरी परीक्षा येळवणीवर होते. पोळीचं कौतुक तोंडदेखलं होतं, येळवणी मात्र लोक वाटी तोंडाला लावून पितात. तुरटपणा नसलेली डाळ मिळाल्याचा हा फायदा. शिवाय ज्या मुलखात पाण्याचीच ओढ, तिथं शिजवलेलं पाणी कोण फेकणार?

पाण्यावरून आठवलं. बीड जिल्ह्यात पुरणाचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे बोअरचं पाणी. खोल गेलेल्या बोअरमधून क्षार घेऊन वर आलेलं जड पाणी. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी जोडणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं आणि डाळ तासन्‌तास खदखदत राहिली तरी टणकच राहते. बायका म्हणतात, “ह्या पाण्यात डाळच शिजत नाही.” उपाय ठरलेले आहेत: चिमूटभर सोडा, तेलाचा थेंब, नाहीतर सणाच्या आदल्या दिवशी ज्या विहिरीचं पाणी गोडं आहे तिथून दोन घागरी. आता काही घरांत जारचं पाणी विकत आणून पुरण शिजतं. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असतं. अन्कोच्या नाजूकपणाचं थोडं श्रेय त्या पाण्याला द्यायला हवं, आणि जड पाण्यात मऊ पुरण काढणाऱ्या बाईला थोडं जास्त.

आता जत्रेत मांडण्यासारखं काय आहे, ते पाहू. पुरण म्हटलं की शहरात पुरणपोळी आठवते आणि तिथंच गाडी थांबते. बीडच्या वर्षात पुरणाची अनेक रूपं आहेत. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मग पुरणाचं करायचं काय? दिंड. कणकेची पुरीएवढी पारी लाटायची, मधे पुरणाचा चपटा गोळा ठेवायचा, चारी बाजू आत दुमडून चौकोनी पुडी करायची. पातेल्यात पाणी, वर चाळण, चाळणीला तुपाचा हात, त्यावर दिंड मांडून झाकण. वाफ धरली की पारी पांढरटाची अर्धपारदर्शक होते आणि आतलं पिवळं पुरण कडेनं किंचित दिसायला लागतं. तेव्हाच उतरवायचे. पाच मिनिटं जास्त ठेवले तर पारी फाटते आणि पुरण पाण्यात उतरतं. ताटात घेतल्यावर मधे बोटानं खड्डा करून तूप ओतायचं. मांजूचा जो वर्णनं वाचून आपल्याला परदेशी वाटणारा प्रकार आहे, तो दर नागपंचमीला आपल्या स्वयंपाकघरात होतो. पारीत कणकेऐवजी तांदूळपीठ किंवा मैदा आला की देश बदलला, एवढंच.

मग श्रावणी शुक्रवार. जिवतीपुढं पुरणाचे दिवे आणि त्याच दिव्यांनी मुलांना ओवाळायचं. ओवाळणी संपली की ज्योत विझायच्या आत पोरांची नजर दिव्यावर. भाद्रपदात महालक्ष्म्या. पुण्याकडं ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडं महालक्ष्म्या. त्यांच्या जेवणाला पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, चटण्या-कोशिंबिरी आणि पुरणाच्या आरत्या. कुठं कडबू, कुठं कानवले. आणि तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात, जावयासाठी धोंडे. कणकेच्या गोळ्यात ठासून पुरण, कुठं वाफवलेले, कुठं तळलेले. वाण तेहतिसाचं. जावई मोजत नाहीत, सासवा मोजतात.

जपान्यांचं पुरणही तिथीला बांधलेलं आहे, हे वाचलं की त्यांच्याशी चटकन सोयरीक जुळते. वसंतात आणि शरदात दिवस-रात्र समान होतात त्या आठवड्यात ते पितरांना ‘ओहागी’ वाढतात. भाताचा गोळा आणि त्यावर अन्कोचा लेप. पुरण आत न घालता बाहेरून थापलेलं. शरदातला तो आठवडा सप्टेंबरच्या शेवटाला येतो, आपल्या पितृपंधरवड्याच्या आसपास. तिकडं थडग्यापाशी ओहागी, इकडं कावळ्यासाठी खीर-वडे. आणि १६ जूनला त्यांचा मिठाईचा दिवस असतो. इसवी सन ८४८ मध्ये साथरोग पसरला तेव्हा सम्राटानं सोळा प्रकारचे पदार्थ देवाला वाहिले, या जुन्या आठवणीवरून हा दिवस १९७९ पासून मिठाईवाल्यांच्या संघानं पुन्हा सुरू केला. साथ, देवी आणि नैवेद्य हे समीकरण बीडमध्ये कुणाला समजावून सांगायला नको.

इथपर्यंत दोन्ही पुरणं हातात हात घालून चालतात. पुढं वाटा फुटतात, आणि मला ज्याविषयी बोलायचं आहे ते तिथं सुरू होतं.

जपानात पुरणाला दुकान मिळालं. क्योतोत सोळाव्या शतकापासून चालत आलेली तोराया ही पेढी राजवाड्याला मिठाई पुरवत होती. सम्राट तोक्योला गेला तसा १८६९ साली तिनंही तिथं संसार थाटला. त्याच सुमारास किमुरा यासुबेई नावाचा, सामुराईगिरी संपल्यामुळे बेकार झालेला माणूस तोक्योत पाव भाजायला लागला. जपानी लोकांना पाव आवडेना. त्यानं साके करायच्या आंबवणानं पीठ फुगवलं, आत अन्को भरलं आणि १८७४ मध्ये ‘आनपान’ जन्माला आला. पुढच्या वर्षी ४ एप्रिलला तो सम्राट मेइजीपुढं गेला, वर खारवलेलं चेरीचं फूल लावून. आजही ४ एप्रिल हा तिकडं आनपानचा दिवस मानतात. आपल्याकडं पाव येऊन चारशे वर्षं झाली, त्यात आपण वडा घातला, भजी घातली, मिसळीत बुडवला. पुरण काही कुणी घातलं नाही. माजलगावच्या किंवा केजच्या एखाद्या बेकरीवाल्यानं अजूनही मनावर घ्यायला हरकत नाही.

एक दुकान तर आपल्या इतिहासात येऊन बसलं आहे. तोक्योच्या शिंजुकू भागातली नाकामुराया ही बेकरी. १९१५ साली ब्रिटिशांच्या सांगण्यावरून जपान सरकारनं हद्दपारीचा हुकूम काढला तेव्हा क्रांतिकारक रासबिहारी बोस याच बेकरीच्या आवारात लपले. मालक सोमा दांपत्यानं त्यांना आसरा दिला. १९१८ मध्ये त्यांच्या मुलीशी, तोशिकोशी, बोस यांचं लग्न झालं. १९२७ साली नाकामुरायानं एकाच वर्षी दोन पदार्थ विकायला आणले: बोस यांनी शिकवलेली भारतीय पद्धतीची करी आणि सारण भरलेले वाफाळते चिनी उंडे. करीची गोष्ट सगळे सांगतात. आझाद हिंदच्या इतिहासात दिंडांच्या चुलतभावंडांचाही वास आहे, हे कुणी सांगत नाही.

बीडमध्ये पुरणाचं दुकान नाही. इथं मिठाईची दुकानं आहेत, पेढा आहे, रबडी आहे, हायवेला गाड्या थांबवणारे ढाबे आहेत. बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि बीडचं नाव फळावर छापलं गेलं. पुरणावर कुणाचं नाव नाही. ते करणारीचंही नाही. महालक्ष्म्यांच्या घरी जेवून उठलेला पाहुणा “वहिनी, सुगरण आहात” म्हणतो आणि निघतो. पहाटे चारपासून ती बाई डाळ धुणं, शिजवणं, कट काढणं, गूळ घालून चटके खात ढवळणं, पुरणयंत्रातून काढणं, मग पन्नासेक पोळ्या, अशी उभी असते. पुरण गरम असतानाच वाटावं लागतं. गार झालं की यंत्राचा दांडा हलत नाही. मनगटाला पट्टी बांधून यंत्र फिरवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

आणि इथल्या पुरणात एक वाटेकरी असा आहे ज्याचा उल्लेख पाककृतीत येत नाही. ऊसतोड कामगार. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, बैलगाडीवर संसार बांधलेला असतो. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे होळी बहुतेकांची कोपीतच, कामावरच्या तात्पुरत्या झोपडीतच, येते. होळीला पुरणाचं कारण अगदी सरळ आहे: नवा हरभरा नुकताच निघालेला, नवा गहू हाताशी, गुऱ्हाळं चालू. पण ज्यानं हंगामभर ऊस तोडला तो त्या रात्री पाव-अर्धा किलो गूळ किराणा दुकानातून आणतो. तीन दगडांच्या चुलीवर, पुरणयंत्राशिवाय, तांब्याच्या बुडानं घोटलेलं ते पुरण असतं. त्याआधी, निघायच्या अगोदर, श्रावणी अमावस्येला पोळा होऊन गेलेला असतो. त्या दिवशी पहिली पुरणपोळी बैलाच्या तोंडात जाते. पुढचे सहा महिने गाडी ओढणार तो, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

नाओमी कावासे या दिग्दर्शिकेचा ‘आन’ नावाचा जपानी चित्रपट २०१५ साली आला. त्यात एक म्हातारी दोरायाकीच्या टपरीवर काम मागायला येते. तिच्या हातचं अन्को अप्रतिम असतं, टपरीपुढं रांगा लागतात. मग गावात कळतं की तिला पूर्वी कुष्ठरोग झाला होता आणि ती आजही त्या रुग्णांच्या वसाहतीत राहते. रांगा आटतात. जपाननं कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवणारा कायदा १९९६ मध्ये रद्द केला, पण लोकांच्या मनातला रद्द व्हायला वेळ लागतो. हा चित्रपट पाहताना मला महालक्ष्म्यांचं सोवळं आठवत राहिलं. पुरण कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, हा प्रश्न आपल्याकडं रोगाच्याही अलीकडं, जन्माशीच सुटतो. गावात पुरण घराघरांत शिजतं, पण ते गल्ली ओलांडून सगळीकडं जात नाही. ज्यांना पुरणाची जत्रा भरवायची असेल त्यांना डाळ-गुळाच्या आधी याचा विचार करावा लागेल.

थोडा बदल दिसतो तो बचत गटांमुळे. उमेद अभियानातल्या गटांच्या बाया जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल लावतात. तिथं खानदेशच्या बायका मांडे भाजून दाखवतात तेव्हा त्या खापराभोवती गर्दी होते आणि मोबाईल वर उंचावतात. गिऱ्हाईक हातावर मांडा फिरताना पाहतं, पैसे देतं, जात विचारत नाही. पुरणाला जे दुकान मिळालं नाही ते अशा प्रदर्शनात दहा-बारा दिवसांपुरतं मिळतं. मराठवाड्यातून तिथं जातं ते बहुधा टिकाऊ सामान: पापड, कुरडया, मसाला, चटणी. दिंड किंवा धोंडे मी अजून कुठल्या स्टॉलवर पाहिलेले नाहीत, आणि मांड्याइतकाच तमाशा त्यांच्यातही आहे.

त्याला एक व्यावहारिक कारण आहे. पुरण टिकत नाही. बीडच्या उन्हाळ्यात सकाळचं पुरण संध्याकाळी आंबूस वास मारायला लागतं. जपानी योकान वर्षभर टिकतं, कारण त्यात साखरेचं प्रमाण इतकं असतं की जंतूंना पाणीच उरत नाही, शिवाय ते गरम असतानाच हवाबंद करतात. आपण समप्रमाणात गूळ घालतो आणि पुरण मऊ ठेवतो. ते पोळीत बरं लागतं, डब्यात मरतं. आटवून आटवून वडीसारखं घट्ट केलेलं पुरण काही घरांत प्रवासासाठी करत, साटोरीत भरायला. ती पद्धत कुणी तरी प्रयोगशाळेत नेऊन तपासायला हवी. अंबाजोगाईला, परळीला यात्रेकरू बारा महिने येतात. त्यांना योगेश्वरीचा किंवा वैजनाथाचा प्रसाद म्हणून न्यायला पेढ्याशिवाय काही तरी मिळेल.

तारखा मात्र आपोआप जुळून आल्या आहेत. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. धोंड्याचा महिना ज्या दिवशी संपतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ जूनला, जपानचा मिठाईदिन. बीडच्या एखाद्या मंगल कार्यालयात, कूलर लावून, एका बाजूला दिंड-धोंडे-कडबू आणि दुसऱ्या बाजूला मांजू-दोरायाकी अशी मांडामांड करायला याहून चांगला मुहूर्त पंचांगवाल्यालाही काढता येणार नाही. अझुकी न मिळाली तर चवळी चालेल, कुळी तीच आहे. पाणी जारचं लागेल. पुरण पहाटे शिजवावं लागेल आणि दुपारच्या आत संपवावं लागेल. पाककृतीच्या पाटीवर करणारीचं नाव आणि ताटाचा भाव, दोन्ही लिहावे लागतील. गिऱ्हाइकांची चिंता नको, त्या आठवड्यात जिल्ह्यात जावई भरपूर असतात. ते फुकट जेवायच्या तयारीनं आलेले असतात, हा एक घोळ आहे.